पहिला घास मालकाचा

मला मटणाची किळस येते आणि माझ्या बाबांचं मटणाचं दुकान आहे. दुकान खाली, घर वर. बाबांनी खाली लाकडी ठोकळ्यावर सुरा आपटला की वर माझ्या टेबलावरची कंपासपेटी उडी मारते. भूमितीची अर्धी प्रमेयं मी त्या ठेक्यावर पाठ केली आहेत, त्यामुळे परीक्षेला वर्गात शांतता असली की मला काही आठवत नाही.

लोकांना वाटतं मटणाच्या दुकानात रक्ताचा वास येतो. रक्ताचं काही नाही, ते पाण्याने जातं. खरा छळ चरबीचा. ती पांढरी, मेणचट, साबणाला दाद न देणारी. तिचा वास केसांत शिरतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात खिडकीशी बसायचे, माझ्या अंगावरचा वारा थेट बाहेर जावा म्हणून. कुणी नुसतं नाक चोळलं तरी मी खिडकीकडे आणखी सरकायचे. मग एकदा खेळाच्या तासाला सगळ्या मुलींना पळवलं आणि मी पहिली आले. इतकी पुढे की थांबून मागे बघावं लागलं, बाकीच्या गेल्या कुठे म्हणून. त्या दिवशी माझी मान जी वर झाली ती झालीच. वास आलाच तर मागच्यांना येणार, आणि मागच्यांचं मत विचारतंय कोण?

आता मी शाळेतर्फे पंधराशे मीटर पळते, म्हणजे मैदानाच्या पावणेचार फेऱ्या. आंतरशालेय स्पर्धेला आमच्या शाळेतून एकच मुलगी जाणार होती आणि ती मी होते. माझ्यामागे बदली म्हणून हरणी. तिचे पाय इतके लांब आणि काटकुळे आहेत की पहिलीत पडलेलं हे नाव आता हजेरीतही चालतं. ती बिचारी गेलं वर्षभर माझ्या पाठीला बघत पळत होती.

आम्हाला शिकवणारे सर म्हणजे शिट्टी. ते शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आले असावेत. शिट्टीचा एका गोष्टीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता, ती म्हणजे लाल मांस. ते स्वतः वाळलेल्या शेंगेसारखे दिसायचे आणि चहा-बिस्किटावर जगायचे, पण आम्हा प्रत्येकीला त्यांनी एक आहारवही दिली होती. रोज काय खाल्लं ते लिहायचं आणि घरच्यांची सही आणायची. एकदा त्यांनी ताकद म्हणजे काय ते समजवायला सिंहाचं उदाहरण दिलं. पूर्वीची मी गप्प बसले असते. आताच्या मीने हात वर करून सांगितलं की सर, सिंह दिवसातले वीस तास झोपतो, रोज पळतं ते हरीण आणि ते गवत खातं. सगळ्या मुली हसल्या. शिट्टीने मला एक फेरी जास्त दिली.

त्या जास्तीच्या फेरीत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

तशी ती पंधरा दिवसांपासून येत होती, तिसऱ्या फेरीच्या वळणावर. कानात भुंगा, तोंडाला कोरड, आणि मैदानाच्या पांढऱ्या रेघा एकीच्या दोन. मी कुणाला बोलले नव्हते. या वेळी मात्र मी रेघ सोडून गवतात बसले आणि शिट्टीने पाहिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ. त्यांनी स्पर्धेचा फॉर्म बाजूला सारला. अकराच्या खाली असेल तर मी सही करणार नाही, म्हणाल्या. हातात सहा आठवडे होते. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा दोन तास लांब. वर म्हणाल्या की मांस खात असशील तर थोडी कलेजी, थोडं मटण चालेल, मदतच होईल, पण भिस्त गोळ्यांवर. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

भिस्त गोळ्यांवर. हे शब्द बाबांनी आणि मी, दोघांनीही ऐकले होते.

आमच्या दुकानासमोर रस्ता ओलांडला की औषधाचं दुकान आहे. बाबांकडे गर्दी असली की गिऱ्हाईकं त्याच्या पायऱ्यांवर नंबर लावून बसतात. बाबा त्या पायऱ्यांकडे बघत बराच वेळ चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तिची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

"खाटकाची पोरगी लोखंडाच्या गोळ्या खाते," ते म्हणाले. "समोर बसलेली माणसं काय म्हणतील? माझ्या मालात दम नाही म्हणतील. इथे आकड्यांवर काय टांगलंय मग? लोखंडच टांगलंय."

आईने दोनदा आठवण केली, "अहो, गोळ्या तेवढ्या आणा," आणि बाबा दोनदा "आणतो" म्हणाले. खरं सांगायचं तर मीही नेट लावला नाही. वरच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं होतं की त्या गोळ्यांनी पोट दगड होतं आणि सकाळचा कार्यक्रम डांबरासारखा काळा होतो. मला वाटलं, टळतंय तर टळू दे.

टळलं काहीच नाही. डांबराच्या जागी कलेजी आली.

रोज शाळेतून आले की दुकानाच्या मागच्या खोलीत ताटली तयार. ही खोली म्हणजे खिमा करायचं यंत्र, एक फ्रीज, एक स्टूल आणि कोपऱ्यात सिंक. ताटलीत कलेजीचे शिजवलेले तुकडे, बाहेरून राखाडी आणि मधे कापल्यावर शेंदरी. वर एक चकाकी, जशी ओल्या जिभेवर असते. दात लावला की पहिल्यांदा ती दबते, मग एकदम पीठ होते आणि ते पीठ टाळूला चिकटतं. मधेच एखादी नळी लागते, रबरासारखी. ती दाताखाली कुरकुरली की माझ्या मानेपासून टाचेपर्यंत शहारा जायचा. हे काळीज परवापर्यंत कुणाच्या तरी धडधडणाऱ्या हृदयाशेजारी होतं, हा विचार मी करत नसे. विचाराची गरजच नव्हती. जीभ पुरेशी होती.

बाबा पडद्याआडून डोकवायचे आणि सांगायचे, "खा, खा. मी रोज खातो, बघ कसा आहे." मी गालात तुकडा धरून मान हलवायचे, पाणी प्यायला म्हणून सिंकपाशी जायचे आणि नळ सोडून थुंकायचे. मग दुसरा तुकडा. मग पुन्हा तहान. तीन आठवडे माझ्याइतकी तहानलेली मुलगी या जगात नव्हती. आहारवहीत मी सुंदर अक्षरात लिहायचे: कलेजी, शंभर ग्रॅम. खाली बाबा सही करायचे आणि पानाच्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा तेलकट डाग उमटायचा, त्यातून मागच्या पानावरची कलेजी दिसायची. शिट्टी वही उंच धरून बाकीच्यांना दाखवायचे.

त्याच आठवड्यात आईची कंबर धरली, तेव्हापासून रविवारी दुपारी सिंकची जाळी साफ करायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या रविवारी जाळी उचलली तेव्हा खाली माझं आदल्या दिवसाचं पाप होतं, तपकिरी लगदा, वर बुळबुळीत साय. मी श्वास रोखून तो कागदात काढला. पण त्या लगद्यात आणखी काहीतरी होतं. धाग्याधाग्यांचे, चावून चोथा झालेले, तव्यावर भाजल्याची काळी कड असलेले दोन तुकडे. ते कलेजीचे नव्हते. ते मटण होतं, आणि मी ते खाल्लं नव्हतं, म्हणजे थुंकलंही नव्हतं. त्यावर दातांच्या खुणा होत्या. माझ्यापेक्षा मोठ्या दातांच्या. स्वतःची थुंकी माणूस कशीबशी सहन करतो, पण दुसऱ्याची थुंकी स्वतःच्या थुंकीत कालवलेली पाहिली आणि मी तिथेच ओकले. म्हणजे जाळी पुन्हा साफ करावी लागली.

मला आईचा संशय आला. आईला दात दुखायचा त्रास होता. पण बोलणार कुठल्या तोंडाने, माझंही तोंड त्याच सिंकमध्ये होतं. दुसऱ्या रविवारीही तुकडे तसेच, काळ्या कडेचे.

मग तीन आठवडे झाले आणि शनिवारी दुसरा रिपोर्ट आला. नऊ पॉइंट सहा. वाढायचं सोडून कमी.

डॉक्टर मॅडमनी विचारलं की गोळ्या घेते ना, आणि बाबा माझ्याआधी म्हणाले, घेते, घेते. वाटेत त्यांनी सगळा राग रक्त तपासणाऱ्या यंत्रावर काढला. शिट्टीने वही चाळली, डोकं खाजवलं आणि फर्मान काढलं की कलेजी दुप्पट करा. शिवाय त्या दिवसापासून हरणीला माझ्या शेजारच्या रेघेत पळायला उभं केलं. मैदानावर कोण कुठे उभं आहे यातून सगळं कळतं. हरणी माझ्याकडे बघून ओशाळं हसली. घरी धान्य, कडधान्य आणि दही खाऊन वाढलेली मुलगी, दोनशे मीटर माझ्या बरोबरीने आली आणि तिला धापही लागली नव्हती. मी चिडून जोर लावला, आणि तिसऱ्या फेरीला पुन्हा तोच भुंगा.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्या दुकानात एक रीत आहे, आजोबांपासूनची. मालाची पहिला काप निघाला की बाबा गल्ल्याशेजारच्या छोट्या शेगडीवर तवा ठेवतात, मटणाचा एक तुकडा मीठ टाकून भाजतात आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर स्वतः खातात. त्यांच्या डोक्यावर पाटी आहे: आम्ही खातो तेच विकतो. गिऱ्हाईकं थट्टा करतात, कुणी म्हणतं आमच्यासाठीही एक ठेवा, आणि बाबा डोळे मिटून चावतात आणि मान डोलावतात. मग हात धुऊन येतो म्हणून आत जातात. लहानपणापासून मी हे बघत आले होते.

त्या रविवारी दुप्पट कलेजीचं फर्मान होतं म्हणून बाबांनी मला सकाळीच मागच्या खोलीत बसवलं. मी एकदम दोन तुकडे तोंडात कोंबले, एकाच फेरीत उरकावं म्हणून. दोन्ही गाल भरले. पुढे रांगेत हशा झाला, बाबांचा घास झाला होता. मी सिंककडे धावले आणि पडदा बाजूला करून बाबाही धावत आले. आम्ही सिंकच्या दोन बाजूंना समोरासमोर थांबलो.

त्यांचे गाल फुगलेले होते. माझे फुगलेले होते.

बोलता दोघांनाही येत नव्हतं. आधी कुणी थुंकायचं एवढाच प्रश्न होता. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून तुपकट रस हनुवटीवर आला. माझ्या नाकात कलेजीचा वास आतल्या बाजूने भरला, मला उमासा आला आणि मी वाकले. माझं झाल्यावर ते वाकले. पांढऱ्या सिंकमध्ये माझा तपकिरी लगदा आणि त्यांचे काळ्या कडेचे धागे एकमेकांत मिसळून भोकाकडे निघाले. तेव्हा मला जाळीचं कोडं उलगडलं आणि पोटातून आणखी एकदा सगळं वर आलं. बाबांनी नळ सोडला. माझी वेणी ओली होऊ नये म्हणून त्यांनी ती मागून धरली. त्यांच्या हातांना चरबीचा वास होता आणि मी वेणी सोडवून घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली," बाबा म्हणाले. "पायाचा अंगठा सुजतो माझा. युरिक ॲसिड. मॅडमनीच बंद केलंय, मटण, कलेजी, सगळं. आधी हळू बोल."

मी हळू बोलणार नव्हते. "आणि मला म्हणता, मी रोज खातो."

"तुला खायला सांगितलंय त्यांनी. मला नको सांगितलंय. शरीरं वेगळी असतात."

"मला गोळ्या सांगितल्यात बाबा. आधी गोळ्या. त्या तुमच्या खिशात आहेत."

त्यांनी आपोआप खिशाला हात लावला. चिठ्ठी तिथेच होती, तीन आठवडे एका ॲप्रनमधून दुसऱ्यात जात राहिलेली, तेलाने पारदर्शक झालेली. पुढे कुणीतरी हाक मारत होतं, अहो, आमचं काय झालं. बाबा स्टुलावर बसले. एवढा मोठा माणूस, मनगटं माझ्या पिंढरीएवढी, आणि तो स्टुलावर शाळेबाहेर काढलेल्या पोरासारखा बसला.

"मला आवडतं गं," ते म्हणाले. "तोंडात ठेवलं की गिळावंसं वाटतं. दर रविवारी वाटतं. तुला गिळवत नाही आणि मला गिळता येत नाही. काय घर आहे."

मला हसू येणार होतं पण किळस जास्त होती. मी त्यांना सांगितलं की मागच्या तीन आठवड्यांत माझ्या पोटात एक तुकडा गेलेला नाही, वही सगळी खोटी आहे आणि त्यावर त्यांची सही आहे. तीन आठवडे उरलेत, आणि मला पळायचं आहे. कलेजी आता ताटलीत दिसली तर ती मी सिंकमध्ये नाही, पुढे गिऱ्हाइकांसमोर थुंकेन.

बाबांनी खिशातली चिठ्ठी काढली. मग उठले आणि पडद्यातून पुढे गेले. मला वाटलं कामाला लागले. पण सुऱ्याचा आवाज आला नाही. मी डोकावले तर बाबा ॲप्रनवरच, गमबूट घालून, भर गर्दीतून रस्ता ओलांडत होते. मी मागोमाग धावले.

औषधवाल्याने विचारलं, कुणासाठी. बाबांचा आवाज दुकानात ओरडायचाच आहे, हळू आवाज त्यांना येत नाही. ते म्हणाले, या पोरीसाठी, आणि ही दुसरी चिठ्ठी माझी, युरिक ॲसिडची, आता दर महिन्याला इथूनच नेईन, तिकडे लांब जायचा कंटाळा आला. पायऱ्यांवरच्या सगळ्या माना वळल्या. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक आजी तिथे पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं की म्हणजे तुम्ही मटण खात नाही? बाबा म्हणाले, दोन वर्षं नाही, बघायचाय अंगठा? आणि थांबवायच्या आत त्यांनी गमबूट काढला. पाय दमट हवेत उकडल्यासारखा पांढरा आणि अंगठा वांग्याच्या रंगाचा, वरची कातडी ताणून चकचकीत. एक बाई उठून दोन पायऱ्या वर जाऊन बसल्या.

पुढचा अर्धा तास दुकानात मटण कमी आणि भाषणं जास्त झाली. एकाचे मामा नव्वदीपर्यंत रोज खात होते. दुसऱ्याचे चाळिशीत गेले, पण ते ओढतही होते. एक पैलवानासारखा दिसणारा माणूस म्हणाला की व्यायाम करणाऱ्याला काही बाधत नाही, आणि त्याच्या बायकोने रांगेतूनच सांगितलं की व्यायामशाळेचं फाटक ओलांडून यांना सहा वर्षं झाली. शेवटी शिक्षिका आजींनी बाबांना सरळ विचारलं.

"मग आम्ही खायचं की नाही ते सांगा."

"तुमचा अंगठा कसा आहे ते आधी सांगा," बाबा म्हणाले.

आजींनी नेहमीपेक्षा अर्धं घेतलं. दोघं जण न घेताच गेले, त्यातला एक परत आला. आईने सगळं ऐकलं आणि खिम्याच्या यंत्राचं भांडं जरा जोरात खाली ठेवलं, एवढंच. नंतर मला कळलं की इतर दिवशी जाळी तीच साफ करायची.

सोमवारी मी आहारवही शिट्टींना दिली. तीन आठवड्यांच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून लिहिलं होतं: थुंकले. ते एकेक पान उलटत गेले. मला वाटलं आता फेऱ्या मिळणार. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले की फेऱ्या दिल्या असत्या, पण तुझ्यात तेवढं रक्त नाही. मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं की डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासून गोळ्याच सांगितल्या होत्या का. मी हो म्हटलं. शिट्टी बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

गोळ्यांबद्दल त्या मुलीने सांगितलं होतं त्यातलं सगळं खरं निघालं, वर थोडं तिने लपवलंही होतं. तोंडात सदा गंजलेल्या खिळ्याची चव. पोटात गोटे. आणि सकाळी जे दिसायचं ते मी कुणालाही सांगणार नाही, पण दिवा न लावता संडासला जायची सवय मला तेव्हा लागली. तरी गिळता येत होत्या. त्या कधी कुणाच्या शरीरात नव्हत्या आणि दाताखाली कुरकुरत नव्हत्या. जेवणात मसूर, हरभरे, पालेभाजी, वर लिंबू. आई समोर बसून माझा घसा खाली-वर होतो का ते बघायची. तिसऱ्या फेरीचा भुंगा हळूहळू लांब गेला. मी पुन्हा हरणीच्या पुढे पळायला लागले. आधी दोन पावलं, मग दहा.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, शेवटचं रक्त. दवाखान्यात बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, तरी बाकावर शेजारच्या बाळाने त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं. मॅडमनी आत बोलावलं. फॉर्म टेबलावर होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

दहा पॉइंट आठ.

मी मनातल्या मनात ते दोन आकडे उलटे करून बघितले, मधलं टिंब सरकवून बघितलं. मॅडम म्हणाल्या की तीन आठवड्यांत एक पॉइंट दोन म्हणजे फार छान चढलंय, आणखी तीन आठवडे मिळाले असते तर बाराला टेकलं असतं. ते आणखी तीन आठवडे कुठे गेले ते खोलीतल्या दोघांना चांगलं ठाऊक होतं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"मॅडम, दोनच पॉइंट आहेत. आम्ही काट्यावर माल टाकतो तेव्हा गिऱ्हाइकाला वरून थोडं टाकतोच की. तुम्ही पण टाका वरून."

मॅडम हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या की यंत्रातही एवढा इकडेतिकडे फरक पडतो. पेन फॉर्मवर टेकलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आकडा राहू दे. पळताना कसं वाटतं ते सांग. अंधारी येते अजून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी हरणीच्या दहा पावलं पुढे असताना, तिसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, पांढरी रेघ क्षणभर दोन झाली होती. फक्त क्षणभर. ते कुणालाही कळलं नव्हतं, शिट्टीलाही नाही. मी नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. "नाही" माझ्या तोंडात तयार होतं. कलेजीसारखं, गालात, गरम, आणि मला त्याचीही किळस आली.

"येते," मी म्हणाले. "काल आली. थोडी."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी आहे, गोळ्या चालू ठेव, म्हणाल्या. बाबांचे खांदे शर्टाच्या इस्त्रीसकट खाली आले.

जिना उतरताना ते दोन पायऱ्यांवर थांबले, अंगठा दुखत होता. "दोन पॉइंटने काय जीव गेला असता का गं?" त्यांनी विचारलं.

"वळणावर पडले असते तर तोंडावर पडले असते," मी म्हटलं. "सगळ्या शाळांसमोर."

मग मला रडू आलं, शेंबडासकट, रस्त्यात, आणि बाबांनी त्यांचा रुमाल दिला. त्याला चरबीचा वास होता. मी तोंड फिरवलं आणि बाहीने नाक पुसलं. बाबा म्हणाले बस पकडू, मी म्हटलं मैदानावर जायचंय. हरणीला सांगायला हवं होतं की परवा तिला पळायचं आहे. पहिल्या फेरीत कुणाच्या पाठीला बघायचं नाही, हेही सांगायचं होतं, ती सवय तिला माझ्यामुळे लागली होती. ती अजून सरावाला असेल. मी घड्याळ बघितलं आणि पळायला लागले, हळू, मॅडमनी मनाई केली नव्हती तेवढंच.